येतानाची जागा

सहलीच्या कागदावर मी तीन रकाने आखले होते: नाव, किती जण आणि डब्यात काय आणणार. पट्टी लावून आखले होते. मी गणित शिकवत असे आणि नीटनेटकेपणाचा मला भारी तोरा होता. अलिबागच्या मुलींच्या शाळेत येऊन मला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. मूळची मी बोर्ली पंचतनची. दिघीला तरीत बसून खाडी ओलांडायची आणि आगरदांड्याहून मुरूडमार्गे हाडं खिळखिळी करून घेत अलिबाग गाठायचं, एवढाच माझा समुद्रप्रवास. तरी मोठ्या बाईंनी खांदेरीच्या सहलीची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण बाकीच्या सगळ्यांनी काही ना काही सांगून अंग काढून घेतलं होतं. मला वाटलं, आळशी आहेत झालं.

खांदेरी म्हणजे थळच्या समोरचं समुद्रातलं बेट. वर जुना किल्ला आणि दीपगृह. अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की उजव्या हाताला लांबवर दिसायचं, आणि दिवेलागणीला त्याचा दिवा लुकलुकू लागायचा. मला तो फार आवडायचा. शाळेतल्या बाकीच्या बाई मात्र फिरायला आल्या की त्या दिव्याकडे पाठ करून वाळूत बसत. ते मी पाहिलं होतं, पण त्यातलं काही कळण्याइतकी अक्कल मला नव्हती. पुढे मी अलिबाग सोडलं, समुद्र दिसणार नाही अशा गावात संसार केला. तरी अजून कुठे लांबवर एखादा दिवा लागून विझला की मीही त्याच्याकडे पाठ करते.

होडी ठरवायला मी थळला गेले. तिथला तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, साठीच्या पुढचा कोळी होता. वाळूत बसून जाळं सांधत होता. मी सगळं सांगितल्यावर त्यानं वरही न बघता विचारलं, "मानसां किती?"

"बारा-तेरा."

"बारा. तेरावा मी न्हाय घेनार."

मग वेळेचं बोलणं निघालं. बेटाला होडी लागते ती भरलेल्या पाण्यात. पाणी उतरलं की भोवतीचे खडक उघडे पडतात. आपल्या किनाऱ्यावर भरती काढायची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पाणी किती वाजता भरणार ते कळतं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. मी तिथेच बोटांवर अमावास्येपासून दिवस मोजले आणि म्हटलं, "रविवारी चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. नऊला निघू."

"ऐतवारी तेरस हाय, बाय," तो म्हणाला. "पानी आदी भरल."

"चतुर्दशीच आहे," मी म्हटलं. "मी गणित शिकवते."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी कागद शिक्षकांच्या खोलीत फिरला. कुणी बहिणीला आणणार होतं, कुणी भाचीला. मोठ्या बाईंच्या पुढे पुरणपोळ्या लिहिल्या गेल्या, चित्रकलेच्या बाईंनी दडपे पोहे लिहिले. कागद परत आल्यावर मी बेरीज केली तर तेरा. पुन्हा वरून बघत आले, आणि शिवणाच्या बाईंच्या ओळीवर थांबले. किती जण या रकान्यात त्यांनी 'दोन' लिहिलं होतं.

शिवणाच्या बाई चाळिशीच्या आसपासच्या. कुंकू ठसठशीत, मंगळसूत्र, हातभर बांगड्या, बोलणं अगदी थोडं. घरी त्या आणि सासूबाई, एवढंच मला ठाऊक होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "सासूबाईंना होडी सोसेल का हो?"

"त्या नाही येणार."

"मग दुसरं कोण?"

खोलीत एकदम सगळ्यांना कामं सुचली; कुणी वह्या ओढल्या, कुणी खिडकी लावली. मी मात्र आपल्याच तंद्रीत. माझ्या हातात तांबडी पेन्सिल होती. मुलींच्या वह्यांत चुकलेलं उत्तर खोडावं तसं मी ते 'दोन' खोडलं, वर 'एक' लिहिलं आणि म्हटलं, "चला, जमले बारा. जी व्यक्ती नाही तिच्यासाठी कशाला जागा अडवायची?"

शिवणाच्या बाई उठल्या. "माझं नावच काढा," म्हणाल्या, आणि तासाची घंटा व्हायच्या आत वर्गावर निघून गेल्या.

मग चित्रकलेच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात, आषाढातल्या अमावास्येला, मुंबईहून रेवसला येणारी आगबोट बुडाली होती. शिवणाच्या बाईंचे यजमान तिच्यावर होते. कितीतरी जण लाटांबरोबर किनाऱ्याला लागले, काही थोडे पोहत जिवंत आले. ते मात्र कुठल्याच यादीत निघाले नाहीत. ना जिवंतांच्या, ना दुसऱ्या. जो असा नाहीसा होतो त्याची बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करतात. येत्या आषाढात बारा वर्षं पुरी होत होती. धाकटे दीर पुण्याहून येणार होते, भटजींशी बोलणं झालं होतं. तोवर बाईंचं कुंकू होतं.

त्या रात्री मी जेवले नाही. ती तांबडी पेन्सिल मी दप्तरातून काढून फेकून दिली, इतका मला माझाच राग आला होता. कागद तेवढा फेकता येईना. त्यावर 'एक'च्या खाली 'दोन' स्पष्ट दिसत होतं, कितीही खोडलं असलं तरी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सासूबाई आत पडून होत्या. बाई यंत्रावर परकर शिवत होत्या. मी माफी मागायला सुरुवात केली आणि रडायलाच लागले. त्यांनी मला पाणी दिलं आणि पुन्हा यंत्राशी बसल्या.

"तुला कुठे ठाऊक होतं?" म्हणाल्या. "त्या पावसात लोक म्हणायचे, कुणी पोहत बेटावर लागलं असेल. नारळी पुनवेनंतर समुद्र निवळला तेव्हा दीर जाऊन आले, म्हणाले, कुणी नाही. सगळे बघून आले. मीच नाही गेले."

"आता जायचंय?"

"एकदा हाक मारायची आहे. क्रिया व्हायच्या आत." त्यांनी दोरा तोडला. "नावानं. मी नाव एकदाच घेतलंय, लग्नात, उखाण्यात, तेही लोकांनी वाट अडवली म्हणून. कुणी हाकच मारली नाही तर माणूस येईल कसं?"

मी विचारू नये ते विचारलं. "पण दोन जागा कशाला?"

"जाताना एक," त्या म्हणाल्या. "येताना दोन लागल्या तर?"

एवढं बोलून त्या पुन्हा यंत्र चालवायला लागल्या. मला तिथे बसवेना. संध्याकाळ झाली होती, आणि त्यांच्या खिडकीतून तो दिवा दिसत होता. लागत होता, विझत होता. बारा वर्षं ही बाई यंत्रावरून मान वर करून हेच बघत आली होती. आणि मी तिला चूक आणि बरोबर शिकवायला गेले होते.

मी नवा कागद घेतला, रकाने आखले, त्यांच्यापुढे माझ्या हातानं 'दोन' लिहिलं. तेरा झाले. चित्रकलेच्या बाईंना म्हटलं, "तुमच्या भाचीला पुढच्या वेळी नेऊ." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कुणीच काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र सहलीचं बोलणं खोलीत हळू आवाजात होऊ लागलं. पुरणपोळ्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "रद्द करायची का?" आणि स्वतःच म्हणाल्या, "नको, आता नाही करता येणार."

रविवारी आम्ही अकरा बायका थळच्या वाळूत उभ्या होतो. शिवणाच्या बाई धुवट पांढऱ्या पातळात येतील की काय अशी मला भीती होती. त्या हिरवं नेसून आल्या होत्या. निघायला दहा झाले. तांडेल पाण्याकडे बघत होता.

"पानी भरून गेला, बाय," तो मला म्हणाला. "आता उतरतंय."

मी त्याला कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेली भरतीची वेळ दाखवली. साडेदहा. तो होडीकडे वळला. आम्ही गुडघाभर पाण्यातून होडीत चढलो. शिवणाच्या बाई कडेला बसल्या आणि शेजारी त्यांनी आपली पिशवी ठेवली. तिथे कुणी बसलं नाही.

वारा पडलेला होता, शीड लोंबत होतं, वल्ही मारत जायला दीड तास गेला. बेट जवळ आलं तसे आधी तटाचे दगड दिसले, मग खाली पाण्यातून वर आलेले काळे खडक, एकामागून एक. तांडेलानं वल्हं आडवं धरलं.

"इथून फुडं न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे ऐतवारी तेरसच हाय."

त्या पंधरवड्यात एक तिथी लागोपाठ दोन दिवस होती. पंचांग उघडून बघितलं असतं तर दिसलं असतं. मी बोटांवर मोजलं होतं. पाऊण तासाची चूक, त्यात निघायला उशीर, त्यात उधाणाचं पाणी, भराभर उतरणारं. आता पाणी पुन्हा भरणार ते रात्री. होडी खडकांपासून दोनशे हातांवर डुलत राहिली. मला कुणीही एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

शिवणाच्या बाई बेटाकडे बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, पण आवाज येईना. पुन्हा एकदा. सगळं आयुष्य जे नाव गिळलं, ते असं दहा जणींसमोर बाहेर येत नव्हतं.

"मी मारू हाक?" मी म्हटलं. "नाव सांगा."

त्यांनी माझा हात ओढला आणि तळव्यावर बोटानं लिहिलं. तीन अक्षरं. शिवणानं त्या बोटाचं टोक खरखरीत झालं होतं.

"नुसतं?" मी कुजबुजले. "राव वगैरे?"

"नुसतं. सासूबाई मारतात तशी."

मी उभी राहिले आणि हाक मारली. चोवीस वर्षांची मी, कधी न बघितलेल्या माणसाला, त्याच्या आईसारखी. तटावरचे बगळे उठले. दुसऱ्यांदा मारली. कुणी हललं नाही, तांडेलानंही वल्हं पाण्याबाहेर धरलं होतं. तिसऱ्यांदा मारली, आणि बेटावरून आवाज आला.

"ओ!"

मोठ्या बाईंनी माझा पदर घट्ट धरला. शिवणाच्या बाई ताडकन उभ्या राहिल्या, होडी कलली, तांडेल ओरडला, "बसा बाय, बसा!" त्या बसल्या नाहीत. तटाच्या कडेनं एक माणूस खाली येत होता. उन्हात त्याचा चेहरा दिसत नव्हता. खाकी सदरा, हातात काठी. खडकावरून खडकावर पाय टाकत तो अगदी पाण्याच्या काठापर्यंत आला. शिवणाच्या बाई त्याची चाल बघत होत्या, मी त्यांचं तोंड बघत होते. एवढी आशा मी कुणाच्या तोंडावर पुन्हा पाहिली नाही आणि मला पाहायचीही नाही.

"दिव्याव कामाला हाय तो," तांडेल हळूच म्हणाला.

त्या माणसानं तोंडाशी हात धरला. "कोण पाहिजे?"

मी खाली बसले. बाकीच्याही माना खाली घालून बसलेल्या. पाणी होडीवर आपटत होतं.

"कोण पाहिजे?" त्यानं पुन्हा विचारलं, दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं.

आणि शिवणाच्या बाईंनी उत्तर दिलं. स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं, आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. आवाज जराही कापला नाही.

तो माणूस क्षणभर थांबला. आठवून बघितलं असावं त्यानं. मग हात हलवून म्हणाला, "या नावाचं इथं कुणी नाही, बाई!"

"बरं," शिवणाच्या बाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.