जवानाच्या बापाचा रेडिओ

आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा माझा भाऊ फौजेत होता. घर उचलून गाडीत भरलं ते बा, माय आणि मी, तिघांनीच. बा पिंजारी. गावातल्या घराघरातली गादी त्यानंच भरलेली. मुसलमानाचं घर आमचं एकच, शिंप्याच्या भिंतीला लागून. ते वेगळं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बापाला आम्हीही बाच म्हणायचो, आणि बोलायचो वऱ्हाडी.

नवं गाव माळावर वसलं. सरकारी मोजणीत आमची जागा शाळेजवळ आली, पण पोलीस पाटील बाला म्हणाला, "तू नाल्यापलीकडं ऱ्हाय. तुह्या कापसाचा लोकायले तरास होते."

जुन्या गावात तो कापूस कुणाच्या नाकात गेला नव्हता. शिंपी तिथंच उभा होता. तो खाली बघत राहिला. बा हो म्हणाला आणि आम्ही नाल्यापलीकडं गेलो.

पुढं भाऊ सुटीवर आला, तेव्हा त्यानं बासाठी रेडिओ आणला. तो परत गेला आणि पाकिस्तानशी लढाई लागली. त्याची पत्रं बंद झाली. बा कामावरून आला की रेडिओला कान लावून बसायचा. माय चुलीपाशी बसून ऐकायची.

एका दुपारी पोलीस पाटील चार माणसं घेऊन दारात आला.

"कोनतं टेसन लावून राह्यला बे?"

बा त्याच्याहून वयानं मोठा होता.

"बातम्या ऐकतो, पाटील. पोरगा तिकडं हाये."

"कोनच्या तिकडं?"

मागची माणसं हसली. त्यांतल्या एकाच्या लग्नातली गादी बानं भरली होती. पाटलानं रेडिओ उचलला. लढाई संपेपर्यंत गाव सोडायचं नाही आणि रोज संध्याकाळी चावडीवर तोंड दाखवायचं, असं बाला बजावलं. गाद्या भरायचे दिवस होते. आसपासच्या गावांतलं सगळं काम बुडालं.

चावडीत आमचाच रेडिओ वाजायचा. गाव आत बसून बातम्या ऐकायचं आणि बा बाहेर पायरीवर. आतून जेवढं कानी पडेल तेवढं तो घरी येऊन मायला सांगायचा. मला ती चावडी पेटवून द्यावीशी वाटायची.

लढाई थांबली. रेडिओ कुणी परत दिला नाही आणि बानं मागितला नाही. मग भाऊ आला, डाव्या हाताची दोन बोटं गमावून. धामणगाव बढ्याच्या स्टँडवर त्याला घ्यायला गावानं सजवलेली बैलगाडी गेली. मीही गाडीत होते. वाटेतच, सगळ्यांच्या देखत, मी त्याला सगळं सांगितलं.

शाळेच्या पटांगणात पोलीस पाटलानं त्याच्या गळ्यात हार घातला. "हा आमच्या गावचा जवान," तो म्हणाला. बाला पुढं खुर्ची दिली होती. भावाला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"माह्या बाचा रेडिओ पाटलाकडं हाये," तो म्हणाला. "तो आना. मंग बोलतो."

पाटील हसायला लागला. "अरे, तवा वातावरनच तसं होतं. तुह्याबद्दल कोनाच्या मनात काई नव्हतं."

"माह्याबद्दल म्या इचारलंच नाई."

रेडिओ आला. भाऊ तो घ्यायला पुढं झाला, तेवढ्यात बा खुर्चीवरून उठला आणि सगळ्यांपुढं हात जोडून म्हणाला, "पोरगं हाये. मनावर घेऊ नका."

भावानं हार काढून टेबलावर ठेवला, रेडिओ काखेत घेतला आणि भाषण न करताच मंचावरून खाली उतरला.

घरी येताच मी बाला धरलं. "तू काऊन हात जोडले? चूक त्याहिची होती."

"हा सुटी सरली का जाईन," बा म्हणाला. "तू लगीन होऊन जाशीन. मले अन् तुह्या मायले इथंच राह्याचं हाये."

त्यावर मी आणखीच चिडले. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला.

पेन्शनीवर आल्यावर त्यानं खामगावात घर घेतलं. बाला खूप बोलावलं. तो गेला नाही. शेवटपर्यंत नाल्यापलीकडं राहून त्याच लोकांच्या गाद्या भरत राहिला. त्याच्या जनाज्याला सगळं गाव आलं. पाटलाच्या मुलानंही खांदा दिला. नंतर माझ्यापाशी येऊन तो म्हणाला, "लय भला मानूस होता. कधी कोनाले उलटून बोलला नाई."

मी त्याच्याकडं पाठ केली आणि मायजवळ जाऊन बसले.