कराचीचा निवडुंग
गंजलेल्या पत्र्याचा वास आला की उल्हासनगरच्या बराकीतली आमची सिंधी शेजारीण आठवते. कराचीचं घर सोडताना तिने बिनकाट्यांचा एक निवडुंग ओढणीत बांधून आणला होता. तेलाच्या डब्यात तो रुजला, बुंध्याशी पिल्लं धरू लागला. त्याच्या अंगावर हळदीसारखे पिवळे पट्टे होते, आणि तिचा सगळा जीव त्या पट्ट्यांत. हिरवी पिल्लं जोमाने वाढून पिवळ्यांना दाबतात, म्हणून दिसेल ते हिरवं पिल्लू काढून ती बराकभर वाटायची. शेवटी डब्यात नुसता पिवळाधमक गड्डा उरला. लोक मुद्दाम बघायला यायचे. मग तो सुरकुतत गेला आणि एका सकाळी पार बसला. “हरेवाले ही इसको खिलाते थे, बहन,” ती मला म्हणाली, “और मैंने सब बाँट दिए.” आम्ही दोघी दारोदार फिरलो. बहुतेकांनी पिल्लं केव्हाच फेकली होती. नळाजवळच्या घरात एक मिळालं. ते तिने त्याच डब्यात लावलं. रोज सकाळी डबा फिरवून ती पिवळा पट्टा शोधायची. तो कधीच उमटला नाही. ती गेल्यावर तिच्या सुनेने डबा मला दिला. आता बदलापूरला माझ्या गॅलरीत तो पिल्लांनी भरलाय, सगळी हिरवीगार. कुणी कितीही मागितलं तरी मी एकही देत नाही.