नऊ रविवारांचं तेल

वैजनाथचं नाव निघालं की जहांगीर मिस्त्रींच्या पोटात दुखायचं. लातूरच्या कार्यालयात हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या वैजनाथला. तो आपला ‘चाचा, चाचा’ करत मागेपुढे फिरायचा, आणि त्यामुळं तर मिस्त्रींना जास्तच दुखायचं.

मिस्त्री वीज मंडळात ब्रेकरचं काम करत. गावाकडे अकरा हजार व्होल्टची लाईन, म्हणजे फीडर, निघते, तिथं उपकेंद्रात हा ब्रेकर बसवलेला असतो. तार तुटली, फांदी पडली की तो क्षणात वीज तोडतो, म्हणजे ‘पडतो’. तोडताना आत जाळ होतो आणि तो जाळ विझवायला ब्रेकरच्या तीन खांबांत तेल भरलेलं असतं. प्रत्येक जाळासरशी ते तेल थोडं थोडं काळं पडतं. ते बदलायचं, आतले काँटॅक्ट घासायचे, हे मिस्त्रींचं सव्वीस वर्षांचं काम. मुदखेडपासून इस्लापूरच्या जंगलापर्यंत त्यांनी ते केलं होतं. दोन बोटांत तेल चोळून ते सांगायचे, ‘हा किमान सहा वेळा पडलाय.’ ऑपरेटर वही काढून मोजायचा, तर सहाच निघायचे. मिस्त्री त्याच्याकडे असे बघायचे, जणू ते सहाही त्यांनीच पाडले असावेत.

वैजनाथ देवणीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. बारावीला लातुरात क्लासला आला, बोर्डात चमकला, इंजिनियर झाला आणि पंचविशीत मिस्त्रींचा साहेब होऊन बसला. त्याच क्लासला, त्याच वर्षी मिस्त्रींचा मुलगा मुनीबही होता. मुनीब आता बसस्टँडसमोर टेलिफोन बूथ चालवायचा. क्लासवाल्यांनी गुणवंतांची नावं भिंतीवर रंगवली होती. सात वर्षांत रंग उडाला, तरी तिसरं, वैजनाथचं नाव वाचता यायचं. मिस्त्री रोज कामावर जाताना त्या भिंतीकडे बघायचे नाहीत, म्हणजे रोज आठवणीनं मान वळवायचे.

भूकंपाला चार वर्षं होत आली होती. नव्या जागी वसवलेल्या गावांसाठी सात उपकेंद्रं उभी राहायची होती आणि त्यांत कोणता ब्रेकर घ्यायचा, हे ठरायचं होतं. मोठे साहेब हणमंतराव नुकतेच नांदेडहून बदलून आले होते. त्यांनी दोघांना बोलावलं.

“व्हॅक्यूमचा घ्यावा साहेब,” वैजनाथ म्हणाला. “बंद बाटलीतलं काम हाय. आत हवाच न्हाई, मग जाळ टिकंल कशावर? तेल न्हाई, बदलणं न्हाई. ही गावं लांब हायत, तिथवर आपली माणसं वरचेवर पोचत न्हाईत.”

तो बोलत होता ते खरं होतं. मिस्त्रींना ते ऐकता ऐकताच कळलं, आणि कळलं म्हणूनच ते भडकले.

“बाटली फुटली तर? उघडून बघता तरी येतंय का?” ते म्हणाले. “साहेब, तेलाचा ब्रेकर स्वस्त हाय आणि जाना-पहचाना हाय. नव्या चीजेचं कौतुक करायला लई जण येतेत. पुन्हा बोंबलत आमच्याकडंच.”

हणमंतराव कमी बोलणारे. म्हणाले, “कासारगव्हाणच्या उपकेंद्रात दोन फीडर आहेत. एकावर तेलाचा लावा, एकावर व्हॅक्यूमचा. मृगापासून दिवाळीपर्यंत बघू. दुरुस्ती-देखभालीला ब्रेकरला कुणाचाही हात लागला, की वहीत नोंद झाली पाहिजे. ज्याला हात कमी लागेल, तो सातही ठिकाणी.”

कासारगव्हाणला ऑपरेटर होता ईश्वरप्पा, कर्नाटकाच्या हद्दीकडचा, निवांत माणूस. मृगाच्या वादळांत दोन्ही फीडर पडू लागले. पंधरवड्यानं मिस्त्री बघायला गेले. वैजनाथही आला होता. त्यानं रुमालानं आपल्या ब्रेकरवरची धूळ झटकली, मीटर लावून काहीतरी बघितलं, चहा घेतला आणि गेला. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. मिस्त्रींनी आपल्या ब्रेकरचं तेल बोटांवर घेतलं. चहाच्या चोथ्यासारखं काळं झालं होतं ते.

आता नोंद करून तेल बदलायचं, म्हणजे पहिला हात त्यांच्याच ब्रेकरला. मिस्त्री तसेच परत फिरले. एस.टी.त बसले, आणि घर येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढून तो इस्त्रीचा शर्ट हलला नाही.

पुढच्या रविवारी ते परत गेले. वर्कशॉपात स्वतः गाळलेल्या तेलाचा कॅन पिशवीत घातलेला. त्यांचा ब्रेकर होता त्या शेतीच्या फीडरची रविवारी दुपारी वीज ठरलेल्या वेळी बंद असायची, तेवढ्यात त्यांनी लाईन जमिनीला जोडून अर्थ केली, तेल बदललं, काँटॅक्ट घासले. ईश्वरप्पा वही घेऊन आला.

“मिस्त्री, नोंद?”

“कशाची? पुसपास केली नुसती.”

“बरं बा,” ईश्वरप्पा म्हणाला आणि वही मिटली. “मला काय करायचंय.”

मग त्यांना चटकच लागली. वादळ झालं की रविवारी कासारगव्हाण. घरी बायको रईसाबी विचारायच्या, “इतवार कू भी काम? कौनसे साब बुलाए?” मिस्त्री म्हणायचे, “है एक साब.” तेलकट सदरा धुता धुता रईसाबी आणखी बोलायच्या, “वो वैजनाथ आया था. खाला बोलको सलाम किया. कित्ता अदब है बच्चे में.” मिस्त्री ताटावरून उठायचे.

अदब! मिस्त्रींना ती अदबच खुपायची. उर्मट असता, तर त्याला चारचौघांत शिव्या घालता आल्या असत्या. पण तो चुकत नव्हता, मिजास करत नव्हता आणि त्याची ती बाटली काही मागत नव्हती. आपल्या ब्रेकरचं काम आटोपलं, की मिस्त्री व्हॅक्यूमच्या ब्रेकरपुढे जाऊन उभे राहायचे. आत डोकवायला फट नाही, बोटाला लावून बघायला तेल नाही. असल्या यंत्रापुढे आपण कोण, हा प्रश्न त्यांना पडायचा, आणि तो पडला की त्यांना वैजनाथचाच राग यायचा.

दिवाळीच्या आधी हणमंतरावांनी बैठक घेतली. टेबलावर कासारगव्हाणची वही. हात लागल्याच्या नोंदीचे दोन्ही रकाने कोरे.

“कमाल आहे,” हणमंतराव पानं उलटत म्हणाले. “दोन्ही ब्रेकर सारखेच पडलेत, आणि तेलाच्या ब्रेकरला पाच महिन्यांत एकदाही हात लागला नाही. वैजनाथ, काय म्हणणं आहे?”

वैजनाथचं तोंड उतरलं होतं. “वहीत तसं असंल तर माझाच अंदाज चुकला साहेब. चाचांचा हिशोब बरोबर निघाला.”

मिस्त्रींची छाती वीतभर फुगली. सात वर्षांत त्यांना एवढं गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं. वैजनाथचं ते पडलेलं तोंड मुनीबलाही दाखवावं, असं त्यांना वाटून गेलं.

“मग स्वस्त पडतात ते तेलाचेच, सातही ठिकाणी,” हणमंतराव म्हणाले आणि लिहू लागले. “आणि त्याला काही लागत नाही म्हटल्यावर मिस्त्रींची देखभालीची टोळी तरी कशाला? ऑपरेटर पुरेत. टोळीतली माणसं बिलाच्या वसुलीला घेऊ. मिस्त्री, तुम्हीही थकला असाल, स्टोअरात बसा आता.”

मिस्त्रींना आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. आपला ब्रेकर आणि आपण यांच्याशिवाय मंडळाचं चालत नाही, एवढं एकच त्यांना जगाला दाखवायचं होतं. आणि पाच महिने धडपडून त्यांनी दाखवलं काय, तर आपली गरजच नाही!

पण ते झालं त्यांच्यापुरतं. दुसरी गोष्ट मागून आली आणि ती जास्त वाईट होती. सात उपकेंद्रांत सात ईश्वरप्पा ब्रेकरसमोर उभे राहतील. तेल काळं होत जाईल. ते बोटावर घेऊन बघणारं कुणी येणार नाही, कारण वहीत लिहिलंय की लागत नाही. आणि एखाद्या वादळात त्या काळ्या तेलाला जाळ विझवता येणार नाही, खांब फुटेल. मिस्त्रींनी असा फुटलेला ब्रेकर एकदा पाहिला होता. समोर उभ्या असलेल्या ऑपरेटरचा चेहरा त्याच्या बायकोनं ओळखला नव्हता.

गप्प बसलं, तर वैजनाथ हरलेलाच राहणार होता. हेही त्यांच्या मनात आलंच. ते क्षणभर त्या सुखाला धरून बसले.

“साहेब, नऊ वेळा,” ते म्हणाले.

“काय नऊ वेळा?”

“हात लागला. माझा.” मिस्त्रींनी वही ओढून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या रकान्यात एकाखाली एक नऊ तारखा लिहिल्या. सगळे रविवार. प्रत्येकीपुढे ‘तेल बदलले’ आणि सही. “ईश्वरप्पाला बोलू नका. मी त्याला पुसपास म्हणून सांगितलं. तेलाचा घेऊ नका साहेब. तिथवर कोण जातंय दर पावसाळ्यात? व्हॅक्यूमचाच घ्या.”

हणमंतरावांनी वरपासून खालपर्यंत त्या तारखा वाचल्या. “सव्वीस वर्षांची नोकरी, मिस्त्री. का केलंत हे?”

मिस्त्रींनी पेन खिशाला लावलं. त्यांनी वैजनाथकडे बोट केलं. “ह्याचं चांगलं झालेलं बघवत नव्हतं.”

वैजनाथ भडकेल, निदान कुत्सित हसेल, असं त्यांना वाटलं. त्याच्या जागी आपण काय काय बोललो असतो, तेही त्यांच्या जिभेवर तयार होतं. वैजनाथ पुढे झाला. वही आपल्याकडे घेऊन त्यानं त्या नऊ तारखा बोटानं मोजल्या, कोणत्या वादळानंतर कोणती, ते पडताळून पाहिलं, आणि हणमंतरावांना म्हणाला, “साहेब, जुने तेलाचे ब्रेकर जिल्ह्यात अजून दोनशेच्या वर हायत. ते बदलेपर्यंत टोळी मोडू नका. आणि नव्या पोरांना हे तेल बघायचं चाचांनीच शिकवावं. मलाबी येत न्हाई ते.”

हणमंतरावांनी मान डोलावली. सातही ठिकाणी व्हॅक्यूमचे ठरले, टोळी राहिली. मिस्त्री उठले, बाहेर व्हरांड्यात आले आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मागून वैजनाथची “चाचा” म्हणून हाक आली. आजवर त्यांना त्याच्या मार्कांचा, खुर्चीचा, इस्त्रीच्या शर्टाचा हेवा वाटायचा. आता त्याच्या चांगुलपणाचाही वाटू लागला होता, आणि हा सगळ्यांत जड होता. त्यांनी ओ दिली नाही.