भरलेल्या कोठीतली गिटार

हिनेस मोराल गिटार शिकवायचा, एवढंच सांगितलं तर आमच्या गावातली माणसं विचारतील, "मग काम काय करायचा?" इथे हाएन प्रांतातल्या टेकड्यांवर काम म्हणजे ऑलिव्ह. झाडं झोडपायची, खाली पसरलेली जाळी ओढायची, नाहीतर तेलाच्या घाण्यावर उभं राहायचं. हिनेसने हे सगळं केलं, पण गिटार सोडली नाही. हंगामभर उजव्या हाताला हातमोजा, वाजवायची नखं तुटू नयेत म्हणून. मुकादम ओरडायचा, "नवरीबाई, नखांना रंग कधी लावायचा?" हिनेस मान वर करायचा नाही.

केस पिकल्यावर त्याला नगरपालिकेच्या संगीतशाळेत गिटारचा वर्ग मिळाला. आणि थोड्याच वर्षांत पालिकेला तो बंद करायची हुक्की आली. मी, तोमासा, ऑलिव्ह तोडणाऱ्या बायकांची संघटना चालवते. नगरसेवक बासिलिओच्या टेबलावर हात आपटून मी जाब विचारला. तो म्हणाला, "वाजवून तरी दाखवू दे. पालिकेत वर्गाचं मतदान होण्याआधी मी स्वतः येऊन ऐकतो."

झालं, मैफल ठरली. ग्रानादाहून दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो वाजवणारे चौघे आले. जागा जुनी दगडी धान्यकोठी. दुपारच्या तालमीला मी होते. कोठी रिकामी, चौघांचे गज अगदी हलके, आणि गिटारचा एकेक सूर छताला लागून परत येत होता. चेलोवाली बेगोन्या म्हणाली, "माएस्त्रो, छोटासा माइक ठेवूया? कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसेल ना!" हिनेस भडकला. "लाकडाचा आवाज लाकडातूनच यायला पाहिजे. भोंग्यातून ऐकायचं असेल तर रेडिओ आणून ठेवा." आणि माइक उचलून स्वतःच त्यांच्या गाडीत ठेवून आला. शास्त्रीय गिटार वाजवणाऱ्यांचा हा ताठा जगभर सारखाच.

संध्याकाळी आम्ही कोठी भरून दाखवली. थंडीचे दिवस, कोठीतली शेगडी कधीचीच बंद पडलेली, म्हणून माणसं जाड लोकरी कोट, शाली, कानटोप्या घालूनच बसलेली, भिंतीपर्यंत खेटून. दगड आवाज परत देतो, लोकर गिळते. हे हिनेसला माहीत नव्हतं असं नाही. त्यानेच मुलांना शिकवलं होतं. पण गच्च भरलेली जागा त्याच्या वाट्याला जन्मात आली नव्हती. अंदाज येणार कुठून?

सुरुवातीला एकटी गिटार होती, तेव्हा तिसऱ्या रांगेपर्यंत काहीतरी पोचलं. मग व्हायोलिनं आली. त्याची बोटं हलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. बेगोन्याने गज तारांना जेमतेम टेकवला, तरी नाही. मागून म्हातारी क्रिसान्ता मोठ्याने म्हणाली, "अगं, चालू करायची विसरला की काय हा?" कोठी हसली. हिनेस जोर लावू लागला, तशा तारा खरखरल्या. दोन भागांच्या मधे बेगोन्या वाकून पुटपुटली, "आणू का? गाडीतच आहे." त्याने मान हलवली. नाही.

शेवटी टाळ्या खूप पडल्या. आजारी माणसाला भेटायला आल्यासारख्या.

दाराशी बासिलिओ कोटाची बटणं लावत होता. "तोमासा, मला खरंच ऐकायचं होतं. ऐकूच आलं नाही. आता मी काय मत देऊ?"

"कान आहेत का नुसती भोकं?"

"तुला आलं ऐकू?"

"आलं."

खोटं होतं. बासिलिओला कळलं. माझ्या मागे गिटारची पेटी घेऊन उभ्या असलेल्या हिनेसलाही कळलं.

पालिकेच्या बैठकीत वर्ग बंद झाला. मी इतका आरडाओरडा केला, की पोलिसाने दंडाला धरून मला बाहेर काढलं. हिनेस पाठोपाठ पायऱ्यांवर आला.

"बासिलिओला शिव्या कशाला देतेस? तो खरं तेच बोलला."

"वा रे वा! मी तुझ्यासाठी भांडते आणि तू त्याची बाजू घेतोस?"

तो पायरीवर बसला. "त्या दिवशी मी चांगलं वाजवलं, तोमासा. आजवर इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. माझं मला कळत होतं. आता हे कुणाला सांगू?"

तो उठला आणि घाण्यावर गेला. दुपारच्या पाळीला माणूस कमी होता.