गुरुजींचं पिवळं मशीन

किस्से म्हणजे घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्या. कोणी मुद्दाम जमवायला बसत नाही. एकीत एक कोंबून दाराआड अडकवलेल्या असतात, आणि एक ओढायला जावं तर सात-आठ अंगावर येतात. शेजारच्या गुरुजींनी जीपीएस घ्यायचं ठरवलं तेव्हापासून माझ्या दाराआडची पिशवी फुगलेली आहे.

आधी माणसं सांगते. गायकवाड गुरुजी भूगोल शिकवून निवृत्त झाले. शोभाताई त्यांच्या मिसेस. आणि मी सुमन, सातवी पास, भाजे गावची सून. गुरुजींचं घर नि माझं घर यांच्यात भिंत एकच आहे. ती पातळ आहे, यात माझा दोष नाही.

चौथे धोंडूआबा. आमच्या गावाच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे. करवंदं, आळू, रानभाजी घेऊन आबा खाली उतरायचे आणि विकून झालं की माझ्या ओट्यावर चहा घ्यायचे. त्या डोंगरात पाण्याचे नऊ झरे आहेत. 'नऊ पाणी' म्हणतात त्यांना. वाडीत नळ आल्यापासून तिकडे कोणी फिरकत नाही. एप्रिलमध्ये पंप बंद पडला की मात्र सगळे आबांच्या दारात, "आबा, पाणी दाखवा." नऊच्या नऊ ठाऊक असलेले आता आबा एकटेच. आणि त्यांचे गुडघे संपलेले. दिवाळी झाली की त्यांची लेक त्यांना सोमाटण्याला घेऊन जाणार होती, कायमचं.

गुरुजींनी ठरवलं की दिवाळीच्या आत आबांबरोबर डोंगरात जायचं आणि नऊही पाणी नकाशावर आणायची. मी म्हटलं, मोबाइल आहे की. तर म्हणाले, वर गेल्यावर मोबाइलची बॅटरी तासाभरात मान टाकते, आणि पावसाने हात ओले असले की तो बोटाला ओळखत नाही. हातात धरायचं, बटणांचं, साध्या सेलवर चालणारं मशीन हवं. आणि मुख्य म्हणजे ते घरच्या कॉम्प्युटरला जुळायला हवं. मशीनचा पडदा काडेपेटीएवढा, गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मोठ्या पडद्यावर दिसलं तरच उपयोग.

आता तो कॉम्प्युटर. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा शाळेतल्या सगळ्यांनी मिळून दिलेला. चालू केला की आधी खोकतो, मग विचार करतो, मग उठतो. पण गुरुजी तो बदलायला तयार नाहीत.

गुरुजींनी वही केली. मशीनचं नाव, सेल कुठले, बटणं किती, कॉम्प्युटरला चालतं का, असे रकाने. मी वाकून बघितलं तर शेवटच्या रकान्यात 'कॉम्पॅटिबल' असा शब्द. म्हटलं, हे काय असतं?

गुरुजी म्हणाले, "पत्रिका जुळणं."

आता त्यांच्या घरात पत्रिका कोणी बघत नाही. तीन लेकींची लग्नं लावली, एकीचीही नाही पाहिली. शोभाताई आतून म्हणाल्या, "जावई बघताना एवढी चौकशी केली असती तर बरं झालं असतं."

*

पहिलं मशीन काळं होतं. पुण्याच्या दुकानातून आणलेलं, नाही चाललं तर आठवड्यात परत करायच्या बोलीवर.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर गहू निवडत होते. भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज आला, "शोभा, काल दुपारपासून शोधतोय. ड्रायव्हर मिळत नाही. ड्रायव्हर नसेल तर सगळं अडलं."

माझा जीव कळवळला. एवढा शिकवणारा माणूस, अख्खं गाव ज्याच्या हाताखालून गेलं, आणि त्याला ड्रायव्हर मिळू नये? आमच्याकडे लोणावळ्याला पाहुणे फिरवणाऱ्या जीपगाड्या घरटी एक. माझा सख्खा दीर बबन त्यातलाच. त्याला फोन लावला. शनिवार, धंद्याचा दिवस, तरी बिचारा पाहुणे उतरवून, शर्ट बदलून आला.

गुरुजींनी दार उघडलं. बबन म्हणाला, "बोला गुर्जी. कुटं जायचं?"

"कुठं नाही."

"मंग ड्रायव्हर कशाला पायजे?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी जीपकडे बघितलं. दुसऱ्या कोणी असतं तर हसून घालवलं असतं, पण गुरुजींनी बबनला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजावलं. नवं मशीन जोडलं की ते चालवायला कॉम्प्युटरच्या आत एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. पडद्यावरची इंग्रजी ओळही दाखवली. बबनने ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली. मान डोलावली. चहा संपवला. मग विचारलं,

"ह्याला कंचा लागतो गुर्जी, लाइट का हेवी?"

*

काळं मशीन परत गेलं. दुकानदार म्हणाला, तुमचा कॉम्प्युटर फार जुना आहे. गुरुजी म्हणाले, न बघता कसं सांगता? आणि पुढच्या खेपेला ते कॉम्प्युटरचाच डबा घेऊन निघाले.

लोकलच्या गर्दीत दणका बसेल म्हणून जुन्या हायवेने एसटीने. धूळ लागू नये म्हणून शोभाताईंनी डबा पांढऱ्या शेल्यात बांधून दिला, वर छान गाठ मारून. मला पुण्यात काही काम नव्हतं. पण असल्या प्रसंगाला कोणीतरी सोबत हवं.

नेमका गुरुवार. एसटी शिरगावच्या साईबाबांना निघालेल्या माणसांनी भरलेली. गुरुजी दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून चढले, तशी एक बाई झटकन उठली. "बसा बाबा, बसा." गुरुजींनी डबा मांडीवर घेतला. गाडी खड्ड्यात गेली की ते त्यावर हात ठेवायचे, अगदी हळू. समोरच्या आजोबांनी विचारलं, "किती दिवसांपासून आहे आपल्याकडे?"

गुरुजी म्हणाले, "अकरा वर्षं झाली."

"आणि अनुभव?"

"आधी फार चांगला होता. हल्ली वेळ लावतो."

"लावतोच. परीक्षा बघतो," आजोबा म्हणाले.

मी खिडकीबाहेर तोंड केलं. सोमाटणे फाट्याला सगळे उतरायला लागले. त्या बाईने जाताजाता पिशवीतून झेंडूचं फूल काढलं, शेल्याच्या गाठीत खोवलं आणि डब्याला डोकं टेकलं. बाई उतरून गेल्यावरही गुरुजींनी फूल काढलं नाही.

दुकानात दोन मशीनं जोडून बघितली, दोन्ही नापास. तिसरं जुन्या पद्धतीचं, पिवळं, भरपूर बटणांचं, काचेच्या कपाटात मागे पडलेलं. ते जोडलं तर डब्याने पाच मिनिटं विचार केला आणि ओळखलं. गुरुजी म्हणाले, "पोर्ट जुळला." मी म्हटलं, "फूल लागलं."

यावर आमचं अजून एकमत नाही.

*

मग परीक्षा. मशीन चालू करून खिशात ठेवायचं, फिरून यायचं, कॉम्प्युटरला जोडायचं. जिथून गेलो तिथून पडद्यावर रेघ येते.

पहिली रेघ गुरुजींचीच. ते चष्मा आणायला लोणावळ्याला गेले होते. संध्याकाळी आम्ही तिघं पडद्यासमोर. स्टेशनपासून चष्म्याच्या दुकानापर्यंत रेघ सरळ, शिस्तीची. तिथून परत येताना बाजारात मध्येच भेंडोळं.

शोभाताईंनी बोट ठेवलं. "ही गाठ कसली?"

"तिथे सिग्नल गेला होता."

"सिग्नल गेला की रेघ तुटते, हे कालच तुम्ही मला शिकवलंत. ही तुटलेली नाही. गुंतलेली आहे."

गुरुजींना शुगर आहे. मी शेजारधर्म म्हणून गप्प राहणार होते, पण तोंडातून निघून गेलं, "तिथं तर चिक्कीचं दुकान."

त्यानंतर गुरुजी लोणावळ्याला निघाले की मशीन विसरतात. आणि शोभाताई आठवणीने त्यांच्या खिशात घालतात.

*

याचा सूड म्हणून दुसऱ्या दिवशी मशीन माझ्या हातात आलं. "वहिनी, रोज फिरता तशाच फिरा. काही वेगळं करू नका." मी तशीच फिरले. दळण टाकलं, सरपंचांच्या सुनेचं बाळ बघितलं, पाण्याची मोटर का बंद आहे ते विचारून आले.

रेघ उमटली तेव्हा वाटलं की कोणीतरी स्वेटर उसवलाय.

"भाज्यातल्या भाज्यात सव्वाचार किलोमीटर," गुरुजी म्हणाले. मला बरं वाटलं. डॉक्टर चालायला सांगतच असतात. मग त्यांनी चित्र मोठं केलं. "आणि आमच्या मागच्या खिडकीखाली पंचवीस मिनिटं काय करत होता?"

"सॅटेलाइट बघत होते," मी म्हटलं.

*

दिवाळीला पंधरा दिवस उरले. गवत पिवळं पडलं, वाटा दिसायला लागल्या. आबा काठी घेऊन आले. मीही निघाले, आबांच्या गुडघ्यांपेक्षा माझे बरे आहेत.

नऊ पाण्यांना आम्हाला तीन दिवस लागले. आबा शंभर पावलं चालायचे नि बसायचे. पण वाट एकदाही चुकले नाहीत. दर पाण्याचा नियम एक. दहा पावलं आधी पायातलं काढायचं, मग जायचं, ओंजळीने प्यायचं, मग बोलायचं. गुरुजींच्या बुटांना लांबलचक नाड्या. आबा थांबून राहायचे, नाड्या सुटेपर्यंत.

पहिल्या झऱ्यावर आबा आंब्याच्या सावलीत उभे होते. गुरुजी म्हणाले, "आबा, जरा उघड्यावर या. झाडाखाली वरून दिसत नाही."

आबांनी आभाळाकडे बघितलं, टोपी सारखी केली. "वरनं दिसायला म्या काय केलंय?"

गुरुजींनी बटण दाबलं. मशीन वाजलं. आबा म्हणाले, "ऐकलं बगा त्यानं."

गुरुजी एक, दोन, तीन असे आकडे घालत होते. आबांना ते पटेना. नावं हायेत त्यांना, म्हणाले. चुकल्याचं पाणी. नवरीची ओंजळ. म्हशीचं डबकं. मशीनमध्ये इंग्रजी अक्षरं, तीही दहाच मावतात. गुरुजी उन्हात बसून एकेक अक्षर शोधायचे, आणि आबा विचारायचे, "बसली का नवरी?" "नाही हो आबा, ओंजळ बाहेर राहिली."

नववं पाणी सगळ्यात वर. दातपाणी. एवढं गार की दात वाजतात. आबा सांगत होते, थंडीत त्याला हात लावायची सोय नाही. ते कोमट लागलं की उन्हाळा लागला समजायचं, वाडीतली माणसं पंचांग बघत नाहीत.

शेवटच्या चढाला आबांनी पाय उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग धोंड्यावर बसले. "तुमी जावा. म्या हितनं सांगतो."

गुरुजी चढले. आबा खालून ओरडायचे, डावीकडं, आता कातळाच्या वरनं, आता निवडुंगाच्या मागं. त्यांना वरचं काही दिसत नव्हतं. थोडा वेळ गेला आणि आबा ओरडले, "गुर्जी, पायतानं काढा!"

वरून गुरुजींचा आवाज आला, "काढतोय!"

मशीन वाजल्याचं खालपर्यंत ऐकू आलं. गुरुजी बाटली भरून घेऊन आले. आबांनी ती हातात घेतली, गालाला लावली आणि परत दिली. "ते तितं जाऊन प्यायचं असतंय," म्हणाले.

दिवाळी झाली आणि आबा सोमाटण्याला गेले.

*

परवा पौषातली सकाळ. एवढी थंडी की मी स्वेटरवर शाल घेतलेली. बबन सोमाटण्याहून येताना आबांना जीपमध्ये घालून घेऊन आला. गुरुजींनीच बोलावलं होतं. आबांनी वहाणा दाराबाहेर काढल्या, काठी भिंतीला लावली आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले.

कॉम्प्युटर खोकला, विचार केला, उठला. पडद्यावर आमचा डोंगर आला, वरून दिसतो तसा. त्यावर लाल रेघ नि नऊ ठिपके. गुरुजींनी नावं मराठीत लिहून टाकली होती, पुरी. आबांना वाचता येत नाही, म्हणून गुरुजी एकेक ठिपका मोठा करून नाव वाचत होते.

दुसऱ्या ठिपक्यावर आबा म्हणाले, "लय पळवू नका. दमतो मी."

गुरुजी सावकाश निघाले. रेघेवरून बाण बोटभर सरकवायचा, थांबायचं. आबा गुडघे चोळायचे, मग म्हणायचे, चला. चुकल्याचं पाणी झालं, नवरीची ओंजळ झाली. शोभाताई चहाचं विसरून दारात उभ्या. आठवं पाणी मागे पडलं. चढ आला. कातळ आला. निवडुंग काही पडद्यावर दिसत नाही, पण आबांनी तो बोटाने दाखवला.

"गुर्जी," आबा म्हणाले, "पायतानं काढा."

गुरुजींच्या पायात घरातल्या स्लिपर होत्या. त्यांनी खाली बघितलं आणि त्या काढून टेबलाखाली सारल्या. बाण ठिपक्यावर नेऊन ठेवला.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी दे गं सुमन."

मी घरी पळाले. थंडीचे दिवस, म्हातारा माणूस, थेट गार कशाला द्या, म्हणून तांब्यात थोडं ऊन पाणी मिसळलं आणि आणून दिलं. आबांनी ओंजळ पुढे केली. मी वरून धार धरली. पडद्यावरची नजर न हलवता ते दोन ओंजळी प्याले, हात तोंडावरून फिरवला, आणि थोडा विचार केला.

"गुर्जी," म्हणाले, "यंदा उन्हाळा लवकर लागला."