सातवी पट्टी

पहिल्याच दिवशी मेश्रामजींनी माझं नियुक्तीपत्र उन्हात धरलं आणि त्यावरचा शिक्का बोटाने घासून पाहिला. "खरा हाये," ते म्हणाले. मी खोटा निघण्याची त्यांची पूर्ण तयारी होती. बालाघाटहून उकव्याकडे जाणाऱ्या घाटरस्त्याला आधाराची भिंत बांधायचं काम चालू होतं. मी तिथला नवा इंजिनिअर, ते माती तपासणारे जुने जाणते. चहात साखर टाकली असं चहावाल्याने शपथेवर सांगितलं, तरी ते चमच्याने तळ ढवळून खात्री करून घेत.

ती भिंतही त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. बाहेरून दिसतात त्या नुसत्या काँक्रीटच्या फरशा. त्यांना मागून लोखंडी पट्ट्या जोडायच्या, त्या आडव्या पसरायच्या, वर मुरूम टाकून रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. पट्टीचं दुसरं टोक कशालाही बांधत नाहीत. खरबरीत, घट्ट दाबलेला मुरूमच तिला वरून-खालून आवळतो, म्हणून ती उपसून येत नाही. "लोखंडावर काहून भरवसा ठेवता साहेब? धरून ठेवते ते माती. तिलेच इचारा," असं म्हणत मेश्रामजी प्रत्येक थराची मूठभर माती तळहातावर चोळत. चिकट लागली की ट्रक परत. भिंतीच्या पायथ्याशी पंधरा-वीस घरांची वस्ती, एक टोला होता, म्हणून त्यांच्या या चिकित्सेला कुणी हसत नसे.

ते राजेगावचे. मी गोंदियाचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "घरची लाखोरीची डाळ हाये. हे तरी शक न घेता खा." शंका घेण्याचा मक्ता स्वतःकडे असताना हे त्यांनी मला सांगावं, याची मला गंमत वाटली.

सातव्या थराच्या दिवशी मेश्रामजी दुसऱ्या कामासाठी मलाजखंडला गेले होते. कामावर उभं राहायची पाळी माझी होती, आणि मी गोंदियाला मुलगी बघायला जाऊन पोहे खात बसलो होतो. त्या दिवशी घाटात धो धो पाऊस झाला, मुरमाचे ट्रक वर चढणं कठीण होतं. परतलो तेव्हा थर झाकून वर आठव्याची तयारी चालली होती. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "सब मुरूम ही डाला है साहब, चिंता मत करो." मला चिंता वाटली, पण मी सही केली. मलाजखंडहून परतल्यावर मेश्रामजींनी विचारलं, "तुमी होते ना?"

"होतो," मी म्हणालो. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही.

तेच मला खुपू लागलं. साखरेची खात्री करणारा माणूस एवढ्यावर गप्प कसा? ते भिंतीखालून फेरी मारत, थांबत, खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत. मी जवळ गेलो की वही मिटत. "वो बुड्ढा आपके पीछे पड़ा है," सुपरवायझरने माझ्या कानात सांगितलं आणि मला ते पटलं. मी त्यांचा डबा टाळू लागलो. त्यांच्या साध्या "या, जेवा"मध्येही मला डाव दिसायचा.

मग ओढून पाहायचा दिवस आला. प्रत्येक थरात एक जादा पट्टी टाकून तिचं टोक फरशीबाहेर ठेवलेलं असतं. त्याला जॅक लावून ताण द्यायचा आणि पट्टी किती सरकते ते काट्यावर बघायचं. तीन पट्ट्या ओढायच्या होत्या. सुपरवायझरने तीन दाखवल्या. मेश्रामजींनी त्या तिन्ही सोडल्या आणि वहीत आधीच गुपचूप टिपून ठेवलेल्या दुसऱ्याच सांगितल्या. "दुसरी, पाचवी, नववी."

"आणि सातवी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिची काय गरज? मी नोयतो त्या दिवशी, पण तुमी उभे होते ना. तुमी पाह्यलं म्हंजे मी पाह्यलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली टोल्यातल्या बाया हातपंपावर भांडी घासत होत्या. मी म्हणालो, "सातवीच ओढा, मेश्रामजी. मी नव्हतो त्या दिवशी."

काटा गर्रकन फिरला. पट्टी हातभर बाहेर आली, काळ्या चिकणमातीने माखलेली. मेश्रामजींनी ती माती चोळली आणि हात धोतराला पुसला. माझ्याकडे पाहिलंच नाही.

भिंत सहाव्या थरापर्यंत उकलून पुन्हा बांधली. अहवालात त्यांनी माझी गैरहजेरी लिहिली. त्याखाली, सातव्या थरावर आपणही न बघता सही केली होती, असंही लिहिलं. ते न लिहिते तर कुणाला कळलंही नसतं. दोघांनाही लेखी समज मिळाली, त्यांना निवृत्तीला चार महिने उरले असताना.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना राजेगावच्या बसपर्यंत सोडायला गेलो. धीर करून विचारलं, "अजून माझ्यावर शक आहे का?"

"हौ," ते शांतपणे म्हणाले. "जसा सगळ्यांवर असते तसा. वाईट नोका वाटून घेऊ. आता तुमी साहेब हाये. पयले घरचे वाटत होते."

बस आली. त्यांनी मला हात जोडले. त्याआधी त्यांनी मला कधीच हात जोडले नव्हते, नुसतं "या, जेवा" म्हणायचे.