उलटी बाही

सायकलपटूंच्या जर्सीची बाही वारा कापायला गुळगुळीतच हवी, असं मी खोपोलीच्या कारखान्यात सगळ्यांना शिकवायचो. एकदा कर्जतहून येणाऱ्या शिलाईच्या बाईंनी कापडाच्या आतल्या बाजूच्या उठावदार उभ्या रेघा बाहेर ठेवून बाही शिवली. मी ओरडलो.

"चूक नाय सायेब. भावाला घालून उतारावर सोडला होता. पायडल न मारता रोजच्यापेक्षा लांब गेला."

आम्ही घाटाखालच्या उतारावर तसंच करून पाहिलं. त्या खऱ्या ठरल्या. डिझाइनवर नाव मात्र माझं लागलं, आणि 'बाईच्या चुकीवरून मला सुचलं' ही गोष्ट मी वर्षानुवर्षं रंगवून सांगितली.

चूक नव्हतीच. आता कारखाना माझा सत्कार करणार आहे. मुलगा म्हणतो, "गप्प बसा, बाबा." बसणार नाही. शाल बाईंच्या खांद्यावर घालीन आणि खोटं कोण बोललं, तेही माइकवरून सांगीन.